गुजरीची पायरी चढण्याआधी

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, पहिल्यांदाच सोने घेणार असाल तर दर बघण्याआधी बँकेचा लॉकर बघा. बऱ्याच शाखांत त्यासाठी थांबावे लागते, आणि सोने घरी आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात आणखी एक प्रश्न विचारायचाच: लॉकरची खोली कुठल्या मजल्यावर आहे? २०१९ आणि २०२१ साली पुराचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आले होते. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. म्हणजे भाडे ३,००० असेल तर ३ लाख, मग आत कितीही असो. पूर आणि भूकंप यांची भरपाई मात्र या नियमात येत नाही. त्यामुळे तळघरातला लॉकर हातात आयता मिळाला तरी नको. करार करतानाच नॉमिनी लावा आणि वर्षातून एकदा तरी लॉकर उघडत जा.

आता काय घ्यायचे ते. एक लाखाचे सोने आणि १२ टक्के घडणावळ धरली तर १,१२,००० झाले, त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे १,१५,३६० रुपये. उद्या मोडायला गेलात तर हिशेब फक्त त्या एक लाखाच्या सोन्याचा होतो, म्हणजे भाव पंधरा टक्क्यांहून जास्त चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. नाण्याला किंवा वेढणीला (साध्या वळ्याच्या अंगठीला) मजुरी किरकोळ लागते, म्हणून साठवायचे सोने त्या रूपात घ्यावे. साज, ठुशी, बोरमाळ हौसेने जरूर घ्या, पण त्यांना गुंतवणूक म्हणू नका. साजाच्या पानांत आणि मण्यांत लाख (राळेसारखा पदार्थ) भरलेली असते. तिचे वजन सोन्याच्या भावाने मोजले गेले तर ते पैसे परत मिळत नाहीत, म्हणून लाख, मोती, खडे वजा करून निव्वळ वजन पावतीवर वेगळे लिहून घ्या.

दागिन्यावर तीन खुणा भिंगातून बघायच्या: बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला २२के९१६), आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक. या तीन खुणा म्हणजेच हॉलमार्क. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक दुकानातच ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका आणि दागिन्याचा प्रकारही जुळवा. ॲपमध्ये अंगठी दिसते आणि हातात झुमका आहे, तर खूण दुसरीकडची आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना ही सक्ती नाही, नाण्यांनाही नाही. म्हणून नाणे घेताना शुद्धता आणि अनुक्रमांक छापलेले सीलबंद पाकीट घ्या, आणि नुसते हौसेने बघायला म्हणून ते फाडू नका. सील तुटले की विकताना पुन्हा कस लावावा लागतो.

काटा शून्यावर आहे ना, काचेचे झाकण बंद आहे ना, वैधमापनाची (वजनमाप खात्याची) मोहर चालू मुदतीची आहे ना, हे बघायला लाजू नका. आजीच्या जुन्या चिठ्ठीतला तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, पेढीवरचा आजचा तोळा १० ग्रॅमचा. जुने मोडून नवे करताना घोळ इथेच होतो.

पावतीवर निव्वळ वजन, शुद्धता, एचयूआयडी, त्या दिवसाचा दर, घडणावळ आणि जीएसटी स्वतंत्र ओळींत हवेत. खरेदी दोन लाखांवर गेली तर पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख सराफाला घेताच येत नाही. ‘बिनपावतीचे न्या, तीन टक्के वाचतील’ असे कुणी म्हटले तर नको म्हणा. पुढे विकताना नफ्यावर कर भरायचा तर खरेदीची किंमत कशाने दाखवणार? चोरी झाली तर विमा कंपनीलाही पावतीच लागते. फोटो काढून ठेवा, मूळ कागद लॉकरबाहेर.

चांदीचे गणित वेगळे. कोल्हापूरजवळच्या हुपरीचे पैंजण नाजूक असतात, पण सगळे एकाच टंचाचे (शुद्धतेचे) नसतात. चांदीचा हॉलमार्क ऐच्छिक आहे, आणि सांध्यांतला डाग (जोडायला वापरलेला मिश्रधातू) वितळवल्यावर टंच उतरवतो. म्हणून साठवायची चांदी ९९९ची (९९.९ टक्के शुद्ध), नाणे किंवा लगड अशीच घ्या. ती जागा फार खाते: एक किलो चांदीला साधारण ९५ घनसेंटिमीटर लागतात, सोन्याला ५२. छोट्या लॉकरमध्ये चांदी भरली की सोन्याला कोपरा उरत नाही.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे. रबरबँड आणि लोकरी कापड यांतही गंधक असते, तेव्हा दोन्ही लांब ठेवा. प्रत्येक नग मऊ सुती कापडात गुंडाळून हवाबंद पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती पावसाळ्याआधी बदला. टूथपेस्टने घासू नका, ओरखडे पडतात. सोने वेगळ्या डबीत ठेवा आणि फुटलेल्या थर्मामीटरच्या पाऱ्यापासून जपा: पारा लागला की पांढरा डाग पडतो, तो धुऊन जात नाही, सराफाकडेच न्यावे लागते.

दारावर ‘पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती एकही दागिना देऊ नका. त्याच्या भांड्यातल्या आम्लात सोने विरघळते. दागिना चकचकीत होऊन परत येतो, आणि घटलेले वजन काट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही.