काळ्या मातीत शोभेचे झाड लावताना

नागपुरात लावलेली रोपे उन्हाळ्यात मरतात असा सर्वसाधारण समज आहे आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात तो वावगाही म्हणता येत नाही. तरी पुष्कळ रोपांचा घात आधीच्या पावसाळ्यातच झालेला असतो. आपल्याकडची भारी काळी माती पाणी मुरले की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे कुजू लागतात. पुढे तीच माती उन्हाने आक्रसून भेगाळते, तेव्हा उरलीसुरली कोवळी मुळेही तुटतात.

म्हणून जागा पाहूनच झाड निवडावे. बहाव्याला निचऱ्याची, मुरमाड जमीन मानवते, तर महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हण ओलसर जागीही तग धरतो. अंगण लहान असल्यास कांचन बरा. गुलमोहर भराभर वाढतो, परंतु त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि वादळात मोडून पडतात, त्यामुळे घराजवळ किंवा विजेच्या तारांखाली तो लावू नये.

2 फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. भारी मातीत खड्ड्याच्या कडा गुळगुळीत राहिल्या तर पावसाळ्यात त्याचा हौद होतो, म्हणून त्या कुदळीने ओरबाडून घ्याव्यात. निघालेल्या मातीत साधारण चौथा हिस्सा चांगले कुजलेले शेणखत, थोडा मुरूम आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. कच्चे शेण वाळवीला आमंत्रण देते, ते टाळावे.

दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर लागवड करावी. पिशवी ओढून न काढता ब्लेडने चिरावी आणि तळाशी वेटोळे घातलेली मुळे कापून टाकावीत. ती तशीच राहिली तर काही वर्षांनी झाडालाच आवळतात. माती पुढे खचते, हे लक्षात घेऊन पिशवीतील मातीची पातळी जमिनीपेक्षा दोन इंच वर ठेवावी. आधाराचा बांबू मुळांच्या गड्ड्याबाहेर, नैऋत्येच्या बाजूला रोवावा आणि सुतळीने इंग्रजी आठच्या आकाराची सैल गाठ बांधावी, म्हणजे खोड वाऱ्यावर थोडे हलते आणि त्यामुळेच जाड होते.

पाणी देण्याची पद्धत मात्र संत्र्याच्या बागायतदारांकडून शिकावी. डिंक्या रोगापासून खोड वाचवण्यासाठी ते झाडाभोवती दुहेरी आळे करतात: खोडाजवळच्या आतल्या वर्तुळात माती उंच ठेवायची आणि पाणी फक्त बाहेरच्या वर्तुळात सोडायचे. रोप नवे असताना मुळे पिशवीपुरतीच पसरलेली असतात, त्यामुळे आतले वर्तुळ खोडापासून चार-पाच इंचांवरच असावे आणि मुळे पसरतील तसे दोन्ही वर्तुळे दरवर्षी बाहेर सरकवावीत. हिवाळ्यात आठवड्याला एकदा 15 लिटर आणि मार्चपासून दर तीन-चार दिवसांनी तेवढेच पाणी पुरते, पण वेळापत्रकापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. काळ्या मातीचा वरचा थर टणक झाला तरी खाली ओल असते. चार इंच खोलवरची माती मुठीत दाबून तिचा गोळा झाला, तर त्या दिवशी पाणी नको. कूलरच्या टाकीत उरलेले पाणीही घालू नये, कारण बाष्पीभवनामुळे त्यात क्षार साठलेले असतात.

फेब्रुवारी संपता संपता आळ्यात चार बोटे जाडीचा पालापाचोळा अंथरावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. पडलेल्या भेगा भुसभुशीत मातीने बुजवाव्यात. पश्चिमेचे ऊन कोवळ्या सालीला भाजते, म्हणून त्या बाजूस हिरवी जाळी लावावी.

पहिल्या वर्षी खालच्या बारीक फांद्या छाटू नयेत; रोप उंच दिसावे म्हणून माळी हमखास ती घाई करतो, पण खोडाला सावली आणि बळ देणाऱ्या फांद्या त्याच असतात. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांतल्या दोन-तीन काढाव्यात आणि त्याच वेळी बांबू सोडवून खोड स्वतःहून उभे राहते का, ते पाहावे.