ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा खाली!

टाकी अर्धी भरलेली असूनही काटा पाव दाखवायचा, आणि ब्रेक दाबला की आणखी खाली. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "पंपासकट पूर्ण असेंब्ली बदला." पण टाकीतली पातळी मोजणारा सेन्सर गेला असेल तर त्याला ब्रेकशी काय देणंघेणं? मला तिथेच अर्थिंगचा, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो त्या जोडणीचा, वास आला.

माझ्या गाडीत टाकी भरली की सेन्सरचा रेझिस्टन्स कमी, रिकामी झाली की जास्त. (काही गाड्यांत नेमकं उलट असतं, मॅन्युअल बघा.) मागची सीट उचलली, काचा उघड्या ठेवल्या, इग्निशन बंद करून प्लग काढला. सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावून मुलाला गाडी हलवायला सांगितली. पेट्रोल हिंदकळलं तसे रेझिस्टन्सचे ओहम सरसर वरखाली झाले, मध्ये कुठे तुटले नाहीत. म्हणजे सेन्सर ठणठणीत.

मग प्लग परत बसवून, इग्निशन चालू करून, सेन्सरची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजलं. इथे जवळपास शून्य हवं. ब्रेक दाबताच एक व्होल्टच्या आसपास!

वायरचा माग काढत डिकीत पोचलो. टेललॅम्पमागे एकाच बोल्टवर ब्रेकलाइट आणि सेन्सर, दोघांची अर्थ. बोल्टखाली पावसाचं पाणी झिरपून गंजाची खपली धरलेली. ब्रेकलाइटचा करंट त्या गंजात अडखळला की सेन्सरच्या अर्थवर व्होल्टेज चढायचं, आणि काट्याला ते जास्त रेझिस्टन्ससारखं, म्हणजे रिकाम्या टाकीसारखं वाटायचं. पॉलिशपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग (वायरच्या टोकाची धातूची रिंग) टाकला, वरून व्हॅसलीन. काटा अर्ध्यावर आला, ब्रेक दाबला तरी हलेना. टेललॅम्पचं गळकं रबरही बदललं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.