ढगाळ दिवसांत युरियाची घाई नको

झड लागते, आठ-दहा दिवस ऊन दिसत नाही, मका-ज्वारी पिवळी पडते आणि पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. तो हात जरा आवरा. अशा वेळी जमिनीतलं नत्र संपलेलंच असतं असं नाही. बऱ्याचदा मुळांना हवा नसते, पानाला ऊन नसतं, म्हणून असलेलं नत्रही पिकाच्या अंगी लागत नाही.

युरियात 46 टक्के नत्र असतं. जमिनीत पडल्यावर युरिएज हे विकर (एन्झाइम) काही दिवसांत त्याचं अमोनियम करतं आणि पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट बनवतात. हवा खेळत्या जमिनीतली बहुतेक पिकं नत्र उचलतात ते मुख्यतः याच रूपात. मात्र नायट्रेट पानात पोचलं म्हणजे काम झालं नाही. त्याची प्रथिनं व्हायची तर आधी नायट्रेट रिडक्टेज या विकराने त्याचं नायट्राइट करावं लागतं, मग नायट्राइट रिडक्टेजने त्याचं अमोनियम. पहिलं विकर पानात तयार होतं ते नायट्रेट आणि प्रकाश दोन्ही मिळाल्यावर, आणि अंधार पडला की थोड्याच वेळात त्याचं काम मंदावतं. दुसरं तर पानाच्या हरितलवकात बसलेलं असतं आणि प्रकाशातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच चालतं. शिवाय तयार अमोनियम जोडायला साखर लागते, तीही उन्हातच बनते. हेगमन आणि फ्लेशर या शास्त्रज्ञांनी मक्याच्या रोपांवर हा नायट्रेट-प्रकाशाचा संबंध 1960 मध्येच मांडला होता.

याचा शेतातला अर्थ सरळ आहे. आभाळ भरलेलं असताना दिलेला जादा युरिया एक तर पाण्याबरोबर मुळांखाली निघून जातो, नाहीतर पिकात नायट्रेट म्हणून साचून राहतो. पिकाला काळोखी येते, पण ताटं लुसलुशीत आणि कमजोर होतात, लोळतात, आणि मावा, तुडतुडे, करपा यांना आयतं निमंत्रण मिळतं. ती काळोखी बघून समाधान मानू नका.

आधी साचलेलं पाणी चर काढून बाहेर घाला. वापसा येऊ द्या, दोन-तीन दिवसांची उघडीप दिसली की मगच वरखताचा हप्ता द्या, तोही एकदम न देता दोन-तीन भागांत. युरिया ओळीजवळ देऊन मातीआड करा, उघड्यावर पडला तर अमोनिया होऊन उडतो. पीक फारच मलूल असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर 1 ते 2 टक्के युरियाची फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 ते 200 ग्रॅम, करता येते. पानातून गेलेल्या युरियाला नायट्रेटच्या वाटेने जावं लागत नाही. पण हा तात्पुरता आधार आहे, कोवळ्या पिकावर कमीच प्रमाण ठेवा आणि पाऊस तोंडावर असताना फवारू नका.

पिवळेपणा कुठून सुरू झाला तेही वाकून बघा. खरी नत्राची उणीव असेल तर तळाची, जुनी पानं आधी पिवळी होतात, आणि मक्यात हा पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूने उलट्या व्ही आकारात आत सरकतो. पीक जुन्या पानातली प्रथिनं मोडून नत्र वरच्या पानांना पाठवतं. वरची कोवळी पानंच पिवळी आणि खालची हिरवी असतील तर बहुधा लोह किंवा गंधकाचा प्रश्न आहे, तिथे युरिया वाया जाईल. भाताचं थोडं वेगळं: पाणी धरलेल्या बांधीत तो मुख्यतः अमोनियमच घेतो. तिथे पर्णरंग तक्ता, म्हणजे पानाचा हिरवेपणा जुळवून बघायची पट्टी, वापरा, वरचं पूर्ण उघडलेलं पान आपल्या अंगाच्या सावलीत धरून, दर वेळी साधारण त्याच वेळेला. सोयाबीन, मूग, उडीद यांना हिरवेपणासाठी युरिया मारू नका, मुळांवरच्या गाठींचं काम मंदावतं. आणि आम्लधर्मी जमिनीत फुलकोबीची पानं चाबकासारखी अरुंद होत असतील तर मॉलिब्डेनम या सूक्ष्म अन्नद्रव्याची उणीव आहे का तपासा. नायट्रेट रिडक्टेज त्याच्याशिवाय चालतच नाही.

ऊन मिळालं की पानातलं नायट्रेट वापरलं जातं, म्हणून पालेभाजी सकाळऐवजी उन्हाच्या दिवशी दुपारनंतर काढली तर पानातलं नायट्रेट कमी असतं. युरोपातल्या नियमांत लेट्यूससाठी हिवाळ्यातली नायट्रेट मर्यादा उन्हाळ्यापेक्षा जास्त ठेवली आहे, ती कमी प्रकाशामुळेच.

सगळ्यात जास्त जपायचं ते चाऱ्याला. भरपूर युरिया दिलेली ज्वारी, मका, बाजरी ढगाळ हवेत, किंवा पावसाचा ताण पडून एकदम पाऊस आल्यावर, नायट्रेट साठवते, आणि ते जनावरांना विषारी ठरतं. सर्वांत जास्त साठा ताटाच्या बुडख्यात असतो, पानात कमी, दाण्यात नगण्य. म्हणून असा चारा कापताना वीतभर बुडखा शेतात सोडा, आणि ताणानंतर पाऊस झाला असेल तर आठवडाभर कापणी लांबवा. कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे सायनाइडची विषबाधा, लागते हे आपल्याला माहीत आहे. ते विष वाळवल्यावर बरंच कमी होतं, पण नायट्रेट वाळवल्याने जात नाही. कडब्यातही ते तसंच राहतं. मुरघासात बरंच घटतं, मात्र पूर्ण जात नाही, आणि असा मुरघास भरल्यावर पहिले तीन आठवडे खड्ड्याजवळ पिवळसर-तांबूस वायू दिसला तर आत उतरू नका. तो माणसाच्या फुफ्फुसांना घातक असतो.

कुट्टी करून रात्रभर ढिगात गरम झालेला हिरवा चारा सकाळी घालू नका, त्यात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते कितीतरी जास्त विषारी. उपाशी जनावर अशा चाऱ्यावर सोडू नका. आधी कोरडी वैरण द्या, मग थोडा-थोडा हिरवा चारा मिसळा. गाभण गाई-म्हशींच्या बाबतीत तर अजिबात जोखीम घेऊ नका, गर्भपात होऊ शकतो.

चारा खाल्ल्यावर काही तासांत जनावर धापा टाकू लागलं, तोल जाऊ लागला, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या, तर लगेच पशुवैद्यकांना बोलवा. नायट्रेटच्या विषबाधेत रक्त चॉकलेटी दिसतं, किराळ लागल्यास ते लालभडक असतं. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून काय खाऊ घातलं, युरिया कधी दिला होता, हे फोनवरच सांगा. नायट्रेटवर मिथिलीन ब्ल्यूचं इंजेक्शन शिरेतून देतात, ते त्यांनीच द्यायचं. ते येईपर्यंत जनावराला चालवू-पळवू नका, गव्हाणीतला चारा काढून घ्या, आणि त्यातली ओंजळभर कुट्टी तपासणीसाठी वेगळी ठेवा.