चिऱ्याचा ट्रक पासिंगला नेण्यापूर्वी

अवजड वाहनांच्या सुरक्षिततेचे नियम केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवते आणि त्यांची अंमलबजावणी राज्याचा परिवहन विभाग करतो. त्यामुळे रत्नागिरीच्या 'एमएच ०८' ट्रकलाही देशभराचेच निकष लागू होतात. मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र, ज्याच्या तपासणीला पासिंग म्हणतात, आठ वर्षे वयापर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकृत करावे लागते.

पासिंगच्या आदल्या दिवशी केवळ रंगरंगोटी करण्यात अर्थ नाही. खाऱ्या हवेने चॅसिस (गाडीचा सांगाडा) आतून गंजते, म्हणून गाडी धुऊन, वाळल्यावर, स्प्रिंग चॅसिसला धरून ठेवणाऱ्या हँगरजवळचे सांधे हातोडीने हलके ठोकून पाहावेत. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रा सुटला, तर वेल्डरला बोलवावे. एअर ब्रेकचा दाब पूर्ण भरल्यावर इंजिन बंद करून काटा पाहावा. तो भराभर उतरत असेल तर गळती आहे, आणि कशेडी घाटाच्या उतारावर ती कळण्यापेक्षा अंगणात कळलेली बरी. ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक, परावर्तक पट्ट्या, विमा, पीयूसी हेही तपासावे.

वजनाबाबत मात्र खाणीवरच्या मुकादमाच्या अंदाजावर विसंबू नये, कारण पावसात भिजलेला जांभा (चिऱ्याचा दगड) वजनाला अधिक भरतो. नोंदणी पुस्तकातील एकूण वजनाची मर्यादा पाहून भरलेली गाडी वजनकाट्यावर घ्यावी आणि पावती जपावी. मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड होतो, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो.