व्यापारी दाव्यासाठी डेटा हाती घेताना: तयारीची यादी

चाकणच्या कारखान्याला पुरवलेल्या सुट्या भागांचे पैसे थकले, रक्कम 3 लाखांच्या वर आहे आणि प्रकरण शिवाजीनगरच्या व्यापारी न्यायालयात जाणार असे दिसू लागले, की वकिलांची पहिली बैठक होण्याआधीच एक काम उरका. आपोआप पुसण्याच्या सगळ्या सोयी बंद करायला आयटीवाल्यांना लेखी सांगा. गूगल वर्कस्पेसमध्ये ट्रॅशमधली मेल 30 दिवसांनी जाते, पुढे अ‍ॅडमिनच्या हातात आणखी 25 दिवस असतात. मात्र नोकरी सोडून गेलेल्याचे खातेच काढून टाकले असेल, तर ते परत आणायला फक्त 20 दिवस मिळतात. खरेदी किंवा डिस्पॅचमधले कोणी नुकतेच गेले असेल तर सुरुवात तिथूनच करा आणि त्याचा लॅपटॉप फॉरमॅट करून नव्या माणसाला देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी गायब होण्याची सोय चालू असेल तर बंद करा. आधी पाठवलेले मेसेज तरीही ठरल्या वेळी जातातच, म्हणून ते त्याच दिवशी उतरवून घ्या. गाडी गेटमधून आत कधी आली यावर वाद असेल तर सीसीटीव्हीचे चित्रण आधी काढा; डीव्हीआर भरला की जुन्यावर नवे चढते.

मग एका कागदावर माणसे लिहा: ऑर्डर कोणी दिली, माल कोणी उतरवून घेतला, बिल कोणी अडवले. प्रत्येकासमोर त्याची मेल खाती, फोन, लॅपटॉप, सामायिक फोल्डर आणि टॅली. कंपनी असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राहणे सक्तीचे आहे. नोंद मागाहून बदलली का, हा प्रश्न तिथे सुटतो.

गोळा करताना सर्वांत जास्त नुकसान चांगल्या हेतूने होते. मेल वकिलांना फॉरवर्ड केली की मूळ हेडर, म्हणजे ती कोणत्या सर्व्हरवरून कधी निघाली ही माहिती, मागेच राहते. फाइल माऊसने ओढून पेनड्राइव्हवर टाकली की तिच्यावर निर्मितीची तारीख आजची पडते. म्हणून मेलबॉक्स पीएसटी किंवा एमबॉक्स (सगळी मेल हेडरसकट एका फाइलीत) स्वरूपात अख्खा काढा आणि महत्त्वाच्या लॅपटॉपची राइट-ब्लॉकर (डिस्कवर काहीही लिहू न देणारे उपकरण) लावून फॉरेन्सिक इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, घ्या. इमेजच्या दोन प्रती ठेवा, एक सीलबंद, एक कामाची. काम संपताक्षणी प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, नोंदवा. शा-256 चा हॅश 64 अक्षरांचा असतो आणि फाइलमधली एक मात्रा बदलली तरी तो पूर्ण बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात हा आकडा लिहावा लागतो. भाग अ तुमच्या बाजूने, भाग ब तज्ज्ञाकडून. प्रमाणपत्राशिवाय नुसती प्रत चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब बाबत 2020 मध्ये खोतकर निकालात स्पष्ट केले. व्हॉट्सअ‍ॅपचे एक्सपोर्ट ही साधी मजकूर फाइल असते, कोणालाही बदलता येते, म्हणून मूळ फोन जपा.

आता शोध. इथे जास्तीत जास्त वेळ द्या, कारण परदेशी बनावटीची सॉफ्टवेअर मराठीपाशी अडखळतात. इंडेक्स, म्हणजे सॉफ्टवेअरने शोधासाठी बनवलेली शब्दसूची, शब्दाचे लिहिलेले रूपच ओळखतो आणि आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाचे अंगच बदलते. 'हप्ता' पुढे वाइल्डकार्ड (पुढे काहीही चालेल असे चिन्ह) लावलात तर 'हप्त्याचा' सापडणार नाही. 'हप्त' इथे थांबून लावा. 'पैसे'चे 'पैशांचे' होते, स जाऊन श येतो, म्हणून दोन्ही रूपे द्या. 'अधिकाऱ्याने' हा शब्द तर दिसायला एकच, पण दोन तऱ्हांनी साठवला जातो: एका कीबोर्डवर टिंबाचा ऱ, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा जोडक. युनिकोडचे सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एकसारख्या करणे) करूनही हे दोन एक होत नाहीत, दोन्ही शोधा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटांतल्या पत्रांत आत रोमन अक्षरेच असतात, तेव्हा कामाच्या प्रतीवर आधी युनिकोड रूपांतर करा. रोमनमध्ये टाइप केलेली मराठी वेगळीच: 'पाठवले'तला आ कोणी एका ए ने लिहितो, कोणी दोन. यावर सॉफ्टवेअरच्या अंदाजी शोधाने फार कचरा येतो. त्यापेक्षा त्या माणसाचे शंभरेक मेसेज वाचून त्याची लिहिण्याची सवय टिपा आणि तीच रूपे यादीत घाला. पीओ (खरेदी आदेश) क्रमांकातल्या तिरक्या रेघा आणि आडव्या रेघा बहुतेक इंडेक्स तोडून टाकतात, म्हणून क्रमांक वाक्यांशासारखा अवतरणात शोधा, आणि अंक देवनागरी व इंग्रजी दोन्हीत.

स्कॅन केलेल्या चलनांत मजकूरच नसतो. 300 डीपीआयला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा निवडून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरे शोधता येणाऱ्या मजकुरात येतील. हाताने लिहिलेली चलने माणसानेच वाचावीत. पासवर्डच्या आणि न उघडलेल्या फाइल्सची वेगळी यादी ठेवा. ती रिकामी आली तर तपासणीच नीट झालेली नाही असे समजा.

शब्द लावून झाले की न सापडलेल्या ढिगातून यादृच्छिक 385 दस्तऐवज काढून वाचा. एकही कामाचा निघाला नाही, तरी 95 टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते की उरलेल्यांत असे दस्तऐवज सुमारे 0.8 टक्क्यांहून जास्त नसावेत. ढीग 1 लाखाचा असेल तर तेही 800 पर्यंत असू शकतात. ब्लेअर आणि मॅरन यांच्या 1985 च्या अभ्यासात वकिलांना कामाचे 75 टक्के दस्तऐवज सापडल्याची खात्री होती. प्रत्यक्षात सुमारे 20 टक्केच सापडले होते.

वेळा तपासा. अनेक साधने ग्रीनविच वेळ दाखवतात, आपण साडेपाच तास पुढे. 1 एप्रिलच्या रात्री 2 वाजताची मेल अहवालात 31 मार्चची दिसते आणि आर्थिक वर्षच बदलते. वकिलांशी झालेला पत्रव्यवहार साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मधल्या गोपनीयतेच्या संरक्षणासाठी बाजूला काढा.

दाव्यासोबतच्या फेरिस्तीत (कागदपत्रांच्या यादीत) तुमच्या विरोधात जाणारे दस्तऐवजही द्यावे लागतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या व्यापारी दाव्यांसाठीच्या आदेश 11 मध्ये तसे स्पष्ट आहे. जो लपवाल त्यावर नंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विसंबता येत नाही. त्याच आदेशाच्या नियम 6 प्रमाणे प्रिंटआउटसोबतच्या शपथेवरील निवेदनात प्रत्येक मेल आयडी कोणाचा, कोणाच्या ताब्यात, कोणाला पासवर्ड माहीत, प्रिंट कधी काढली, हे लिहायचे असते. सेल्सचा एकच आयडी तिघे वापरत असतील तर तिघांचीही नावे घाला. उलटतपासणीत पहिला प्रश्न तिथेच येतो.