गोव्यात घरातल्या फिलोडेंड्रॉनला पाणी नेमकं कधी घालायचं

फिलोडेंड्रॉन घरी आणलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, पाणी किती दिवसांनी? आणि नर्सरीत विचारा नाहीतर शेजारी विचारा, उत्तर ठरलेलं, आठवड्यातनं दोनदा. एप्रिल-मेमध्ये हे चालून जातं. पण तोच नेम जुलैमध्ये चालू ठेवला की झाड गेलंच समजा, कारण आपल्याकडे घरातलं फिलोडेंड्रॉन तहानेने क्वचितच मरतं, ते मुळं कुजून मरतं आणि तेही भर पावसात. त्यामुळे वार ठरवून पाणी घालायचं बंद करा, माती बघून घाला.

माती बघायची म्हणजे नुसती वरून नाही. वरचा थर फॅनच्या वाऱ्याने सुकून फिकट दिसतो आणि खाली चिखल असतो, इथेच सगळे फसतात. बोट सरळ दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला, साधारण दोन इंच. बोट गार लागलं, मातीचे कण चिकटून आले तर आज पाणी नाही, दोन दिवसांनी परत बघा. कोरडं बाहेर आलं की पाणी. कुंडी दहा-बारा इंची असेल तर बोट पुरत नाही, तिथे बांबूची सुकी काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा, जिथपर्यंत काडी ओली होऊन काळपट दिसते तिथपर्यंत ओल आहे. लहान कुंडी असेल तर सरळ उचलूनच बघा, पाणी घातल्यावर एकदा आणि सुकल्यावर एकदा, वजनातला फरक एवढा असतो की थोड्या दिवसांनी बोट घालायची पण गरज पडत नाही.

आता हे झाड एवढं नाजूक का, तर ते नाजूक नाहीच आहे, त्याची सवय वेगळी आहे. मूळचं ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण जंगलातलं, त्यातली बरीचशी जात दुसऱ्या झाडांवर चढणारी, मुळं सालीला आणि पालापाचोळ्याला धरून असतात, धो धो पाऊस पडतो पण पाणी थांबत नाही, लगेच निथळून जातं. म्हणजे मुळांना पाण्याबरोबर हवाही लागते. कुंडीत पाणी साचलं की मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात आणि मग बुरशी चढते. हे अळूच्याच कुळातलं झाड आहे म्हणून परसात सांडपाण्याच्या वाटेवर अळू कसं माजतं तसं हेही माजेल असं समजू नका, ते अजिबात तसं वागत नाही.

मग अंदाजे दिवस किती? अंदाज देतो, पण शेवटचा शब्द बोटाचाच. मार्च ते मे, उजेडाच्या खिडकीजवळ, सहा-आठ इंची कुंडी असेल तर तीन-चार दिवसांनी. जून ते सप्टेंबर दहा-पंधरा दिवसांनी, कधीकधी त्याहूनही उशिरा. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत, भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांवर बुरशी, मग कुंडीतली माती तरी सुकणार कशी? पानांतनं पाणी फारसं उडून जात नाही आणि आभाळ असल्यामुळे झाडाची वाढही मंद असते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गारवा असतो पण दुपारची हवा कोरडी, तेव्हा सात-आठ दिवसांनी. एसीच्या खोलीत पावसाळ्यातही माती जरा लवकर सुकते, तिथे वेगळं बघावं लागतं.

मातीच्या कुंडीतनं ओल बाजूने उडते, प्लास्टिकच्या कुंडीतनं नाही, म्हणून एकाच बाल्कनीत दोन कुंड्यांचं वेळापत्रक वेगळं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत काय भरलंय ते. अंगणातली तांबडी माती नुसती भरू नका, पाणी पडून पडून ती चिऱ्यासारखी घट्ट बसते. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि एक भाग जाड काहीतरी, विटेचे तुकडे, कोळशाचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे, जे हाताशी असेल ते. सोडण आधी एक-दोन दिवस पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, नाहीतर त्यातला क्षार मुळांना लागतो.

घालायचं तेव्हा मात्र पोटभर घाला. रोज अर्धा कप ही सगळ्यात वाईट पद्धत, वर कायम ओलं आणि खालची मुळं कोरडी. सकाळी, सगळीकडनं फिरवून, तळाच्या भोकातनं पाणी येईपर्यंत घाला आणि अर्ध्या तासाने बशीतलं पाणी ओतून टाका. हे बशीचं पावसाळ्यात अजिबात विसरू नका, डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. कोकोपीट पूर्ण सुकलं असेल तर पाणी कडेकडेने लगेच खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो, तेव्हा कुंडी बादलीत वीस मिनिटं ठेवून मग निथळवा. पानांवर स्प्रे मारायची आपल्या हवेत गरज नाही, पावसाळ्यात तर नकोच, डाग पडतात. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारट होत असेल तर ते टाळा, पानांची टोकं तपकिरी होतात.

पानं मलूल झाली की लगेच तांब्या घेऊन धावू नका, कमी पाण्यानेही पान मान टाकतं आणि जास्त पाण्यानेही. माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर तहान आहे, पाणी घाला, संध्याकाळपर्यंत ताठ होईल. माती ओली आणि खालची पानं एकापाठोपाठ पिवळी पडतायत, देठ बुडाशी मऊ झालाय, मातीला आंबूस वास येतोय, तर मुळं गेलीत. एखादंच जुनं पान पिवळं पडलं तर घाबरायचं कारण नाही. सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब दिसतो तोही रोग नाही, मातीत भरपूर ओल असली की झाड रात्री जादा पाणी बाहेर टाकतं.

मुळं कुजल्याचा संशय आला तर वाट बघू नका, झाड कुंडीतनं काढा, मुळं नळाखाली धुवा. चांगलं मूळ पांढरट आणि कडक असतं. कुजलेलं तपकिरी, बोटांत धरून हळूच ओढलं की वरची साल सटकून हातात येते आणि आत नुसता दोऱ्यासारखा धागा राहतो. असलं सगळं स्वच्छ कात्रीने कापून टाका, नव्या कोरड्यासर मिश्रणात आणि पहिल्यापेक्षा लहान कुंडीत लावा. कापताना चीक हाताला लागून खाज येऊ शकते, आणि घरात मांजर-कुत्रा असेल तर पडलेली पानं उचलून ठेवा, चघळली तर तोंडाची आग होते.

मुळं एकही धड उरली नसली आणि तुमचं झाड वेलीसारखं असलं तरी फेकू नका. हिरवा, टणक भाग बघून पेराच्या, म्हणजे देठावर जिथून पान फुटतं त्या गाठीच्या, थोडं खाली कापा, पेर पाण्यात बुडेल असं काचेच्या बाटलीत ठेवा, तीन-चार दिवसांनी पाणी बदला. दोन-तीन इंच मुळं आली की कुंडीत लावा, आणि ही मुळं पाण्यातच वाढलेली असतात त्यामुळे पहिले दोन आठवडे माती जराशी ओलसर ठेवा, मग वर सांगितल्यासारखं बोट घालून बघायला सुरुवात करा.