नगराध्यक्षपदाचा उमेदवार दारात आला की

नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात माझी तीस वर्षं गेली. आता निवृत्त आहे, त्यामुळे प्रचाराला येणाऱ्यांना चहा पाजून प्रश्न विचारायला वेळच वेळ. तुम्हीही विचारा.

जाहीरनामा हातात आला की आधी पेन्सिल घ्या. जे नगरपरिषदेच्या हातातच नाही त्यावर काट मारा. वीज महावितरणची, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. आमच्याकडे एकाने थेट रेल्वे आणायचं कबूल केलं होतं! निम्मा कागद असाच रिकामा होतो.

उरलेल्यात पाणी शोधा. "चोवीस तास पाणी" लिहिलं असेल तर हिशोब मागा. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज 135 लिटर हा नेहमीचा निकष. तीस हजार वस्तीला 40.5 लाख लिटर झाले. टाकी केवढी, पंप किती तास चालतो, गळती कुठे? मग हळूच विचारा, "आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह कुठाय?" आमच्या गल्लीचा पिठाच्या गिरणीसमोर, फुटक्या फरशीखाली आहे. व्हॉल्व्हमनला विचारून आलेला उमेदवार लगेच ओळखू येतो.

कचऱ्याचं एकच विचारा: ओला-सुका वेगळा दिला तर पुढे गाडीत एकत्र होतो का? गटारं पावसाआधी की पहिल्या पावसानंतर उपसणार, तेही.

पैशाचं शेवटी काढा. घरपट्टीची थकबाकी कशी वसूल करणार म्हटलं की बहुतेकांना पुढच्या घरी जायची घाई होते. चहा तसाच राहतो.